कुसळ

मळणीच्या आठव्या दिवशी आली ती,
बगोच्या पलीकडच्या खेड्यातून, भावाच्या सायकलवर मागे बसून.
डाव्या डोळ्यावर ओल्या फडक्याची घडी,
गालांवर थनाखाचा लेप,
आणि लेपातून हनुवटीपर्यंत
पाण्यानं पाडलेली एक वाट.

नाव?
मा ओन क्यी.
काय लागलं?
काही नाही. भाताचं कुसळ.

काही नाही, असं सगळेच म्हणतात.

तिनं पिशवीतून बाटली काढली, बाजारातली, लेबल नसलेली.
दोन दिवस बरं वाटलं म्हणाली, लाली गेली.
मला ठाऊक आहे ही बाटली.
ती आग विझवते
आणि दार उघडं ठेवून जाते.

खिडकी लावली. दिवा मालवला.
नारिंगी पट्टीचं टोक मिठाच्या पाण्यात भिजवून
खालच्या पापणीला नुसतं टेकवलं.
मिटा. उघडा. वर बघा.
मग निळी बॅटरी.

जिथं पापुद्रा शाबूत, तिथं रंग थांबत नाही,
आसवांबरोबर निघून जातो.
जिथं सोललंय, तिथं मुक्काम करतो.
बुबुळाच्या मधोमध हिरवं पेटलं,
वाफ्यातल्या रोपांइतकं हिरवं,
ज्या भातानं टोचलं त्याच्याच बाळपणासारखं.
कडा विसकटलेल्या, पिसासारख्या.
शेजारी दोन ठिपके,
बेटापासून सुटलेली बेटं.

डॉक्टर टिन म्याट शिकवायचे :
फांद्या फुटलेलं झाड दिसलं तर विषाणू,
पिसं दिसली तर बुरशी,
आणि फार खात्री वाटली
तर स्वतःवरच संशय घे,
खरवडून काचेवर बघ.

बघितलं. दोरेच दोरे,
पेराबिरांचे, काचेसारखे.
शेतातली साधी बुरशी. तिचा काय दोष,
तिला ओल मिळाली, ती रुजली.

या पडद्याला रक्ताची वाट नाही.
हवेतून श्वास घेतो, आसवांवर जगतो,
म्हणून तर आरपार दिसतं.
म्हणून मदतही उशिरा पोचते.

दुधासारखं औषध, हलवल्याशिवाय घालायचं नाही.
तासाला एक थेंब. दिवसा. रात्रीसुद्धा.
भावाच्या फोनवर कोंबडा आरवायचा
एक वाजता, दोन वाजता, तीन वाजता,
अख्खा वॉर्ड शिव्या घालायचा त्याला.
डोळ्यात तेल घालून जागतात म्हणे माणसं.
आम्ही हे घालून जागलो.
चौथ्या रात्री ती म्हणाली, सिस्टर,
शेंगा काढायच्या राहिल्यात हो.
मी म्हटलं, वर बघ.

जखम भरायला सहा आठवडे लागले.
बॅटरीखाली आता हिरवं काही उरत नाही.
उरलंय पांढरं.
फूल पडलं म्हणायचं याला.
कुणाला सुचला असेल हा शब्द,
इतक्या वाईट गोष्टीला?
त्या डोळ्याला माझी बोटं मोजता येतात,
हातभर अंतरावरून. चेहरा नाही.
यांगोनच्या यादीत नाव घातलंय तिचं.
कुणी अनोळखी माणूस जाताना
आपली काच मागं ठेवील, तोवर.

पुढच्या मळणीला ती परत आली,
उजव्या डोळ्यानं पायऱ्या चाचपत,
एका पोराचं मनगट घट्ट धरून.
पोर रडत नव्हतं, चिडलं होतं.
आत्ताच लागलंय याला, म्हणाली,
तासही झाला नाही.
चोळू दिलं नाही, बाटलीही घेऊ दिली नाही.

मी पट्टी शोधत होते.
तिनं मला न विचारता
खिडकी लावली
आणि दिवा मालवला.