दीड मिलिमीटर

भुसावळच्या रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये टेबल एकच,
तेही खिडकीकडे किंचित कललेलं;
एका पायाखाली जुन्या टाइमटेबलची घडी.
मालगाडी गेली की जाळी थरथरायची,
झोपे सर हात वर करायचे :
थांब, तिला जाऊ दे. मग सर्व्हिस.

सर पार्सल ऑफिसात कारकून.
संध्याकाळी आमच्या बॅटींना रबर चिकटवायचे,
पंक्चरचं सोल्यूशन, दाढीचा जुना ब्रश
आणि घरून आणलेलं लाटणं.
मी मदतीला बसले की ओरडा खायची :
पोळी नाहीये ती. ताणू नकोस.
ताणलेलं रबर रुसतं,
आठ दिवसांनी कडा सोडतं.

मी सावद्याहून पॅसेंजरने यायची.
त्या वर्षी मावसभावाने पुण्याहून बॅट पाठवली,
लाकडाच्या थरांत कार्बन,
लाल रबर, इतकं चिकट
की चेंडू उलटा धरला तरी क्षणभर लटकायचा.
पहिल्याच टॉपस्पिनला चेंडू
भिंतीवरच्या कुठल्याशा जनरल मॅनेजरच्या
चष्म्यावर जाऊन आदळला.
दुसरा पंख्यात.
तिसरा कुठे गेला ते अजून माहीत नाही.
मी नुसता हात लावायची,
बाकीचं सगळं बॅट ठरवायची.

स्पंज केवढा? सरांनी विचारलं.
दोन पूर्णांक दोन.
हं, म्हणाले. तुमच्याकडे केळीचा घड वाहतात
तेव्हा खांद्यावर काय ठेवतात?
गादी.
किती जाड?

मी जन्मापासून केळीच्या बागेत,
आणि ते कधी बघितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फत्तू तडवीला गाठलं.
घड खांद्यावर, मान तिरकी,
सरीतून चालत होता; पाणी भरलं आहे की चिखल
ते खाली न बघता.
म्हणाला, जाड गादी घेतली का
घड कोनीकडे झुकू ऱ्हायला ते कयत नाही.
पाय घसरल्यावर कयते.
पातय घेतली का खांदा सोलते,
पन सांगते.
मग माझ्या हातातली बॅट बघून :
हे काय व माय, भाकर थापाले?

दीड मिलिमीटर.
सरांनी जुन्याच फळीवर लावून दिलं.
वेग अर्धा झाला. मैत्रिणी हसल्या.
पण चेंडू टेकायचा तेव्हा तर्जनीच्या मुळाशी
काहीतरी हलायचं, बारीक,
दारावर नखाने वाजवावं इतकं :
मी खालून कापलेला आहे,
मी नुसता तरंगतोय, मला ढकल,
मी खोटं बोलतोय.
ऐकायला महिने गेले.

मग मे महिना. सेहेचाळीस.
मूठ घामाने फिरायची, तिला सुती चिंधी गुंडाळली.
रबरावर यार्डाची धूळ बसायची,
तेवढ्यानेही फिरकी मरते.
फुंकर मारायची, तळव्याने पुसायचं,
आणि उन्हात सायकलच्या कॅरियरला बॅट विसरायची नाही.
मी एकदाच विसरले. रबराला फोड आला,
पापडासारखा.

जळगावला जिल्ह्याच्या फायनलला समोर कुंदा फालक.
तिच्या रबरावर लांब लांब काटे.
ती काहीच करत नव्हती.
मी जीव तोडून दिलेली फिरकी
तिच्या काट्यांतून उलटी होऊन
माझ्याकडेच यायची, जणू उसनं परत करतेय.
चार गेम मला वाटत राहिलं
की मी तिच्याशी खेळतेय.

पाचवा. आठ-अकरा.
हरले.

परतताना सर गाडीत काही बोलले नाहीत.
भुसावळला उतरल्यावर थेट इन्स्टिट्यूटकडे वळले,
मी मागे. दिवा लावला,
डाव्या कोपऱ्यात निघालेली माझ्या रबराची कड
अंगठ्याने दाबून बघितली.

घड कुठे झुकला ते कळलं?
कळलं. आठ-आठवर.
कळलं तेव्हा काय केलंस?
उशीर झाला होता.
बरं, म्हणाले. लाटणं धर.

सोल्यूशनचा वास पसरला.
बाहेर मालगाडी आली, लांबलचक.
जाळी थरथरू लागली.
खेळत कोणीच नव्हतं,
तरी आम्ही दोघं थांबलो.