सबटायटलच्या आधी

रुअरी म्हणाला, तीनशे शब्द, रात्री अकरापर्यंत.
आणि तारे किती ते आधी कळव,
पानावर तेवढी जागा सोडतो.

बेलफास्ट, मंगळवार, दुपारचा खेळ.
माझी नेहमीची अकरावी रांग, ओला कोट मांडीवर.
शेजारी ब्रोना मॅकग्रोरी, निवृत्त शिक्षिका,
पिशवीत आल्याची बिस्किटं.

पडदा उजळला आणि ढोल थेट बरगडीत.
दोघी जुळ्या बहिणी आणि बस-डेपोतला एक मेकॅनिक
कुंपणांवरून उड्या टाकत, हप्ते थकलेला स्पीकर खांद्यावर घेऊन पळत
यमकाला यमक भिडवत होते
त्या भाषेत, जी मी आजवर वाचली
थडग्यांवर,
नाहीतर सीमेपलीकडच्या पाट्यांवर, इंग्रजीच्या वर, तिरक्या अक्षरांत.

वहीत लिहिलं: कॅमेरा दम खात नाही.
मग लिहिलं: मीही नाही.
मग: मधला अर्धा तास सैल.
बापाचं भूत दोनदा येतं, एकदा पुरे होतं.
हे खोडलं नाही. कौतुक म्हणजे ओवाळणं नव्हे.

थिएटरात हसू दोन हप्त्यांत येत होतं.
आधी पाच-सहा जण, अंधारात विखुरलेले,
मग खालची इंग्रजी ओळ वाचून बाकीचे.
ब्रोना पहिल्या हप्त्यातली.
मी दुसऱ्या.
माझी आई ग्वीडोरची. जन्मभर तिनं
तिच्या भाषेत हाक मारली
आणि मी इंग्रजीत ओ दिली.

एकोणसत्तराव्या मिनिटाला
धाकटी (सात मिनिटांनी धाकटी)
ऐन वेळी बंद पडलेल्या माइकला
एक शब्द फेकून मारते.
अडून बसलेल्या शेळीला, न पेटणाऱ्या चुलीला
आणि माझ्या बापाला
आई जो एकच शब्द वापरायची, तो.

मी हसले.
खाली ओळ उमटायची होती अजून.

ब्रोनानं वळून पाहिलं. बोलली काहीच नाही,
बिस्किटांची पुडी पुढे केली.

आता दहा चाळीस. लिहिते आहे:
या भाषेची स्तुती आपण फार केली,
मेल्या म्हशीला मणभर दूध,
शोकसभांत, भाषणांत, पर्यटनाच्या गुळगुळीत पुस्तिकांत.
हा सिनेमा म्हणतो, जरा लांब उभे राहा,
म्हैस लाथा झाडते आहे.
लेकरांनो, तिच्याखाली चरवी धरायची हिंमत तुम्ही केलीत,
निम्मं सांडलं, तरी ऊन ऊन आहे.

रुअरीचा फोन. चरवीचं राहू दे,
पण आईचं काढ,
समीक्षकानं स्वतः पडद्यावर येऊ नये.
तारे?
पाच दिले असते. त्या भुतापायी चार.
आणि तो शब्द कुठला म्हणालीस?

ऐकवला.
पलीकडे जरा वेळ नुसती खरखर.
मग म्हणाला, छापू. स्पेलिंग सांग.

ते मला कुठून येणार, रुअरी.
तो मी फक्त ऐकलाय.