शुद्धिपत्रक

नाना मुद्रितं तपासायचे
मंगळवार पेठेतल्या छापखान्यात, पानाला सात पैसे.
लग्नपत्रिका, पतपेढीचे अहवाल,
एकदा तर अख्खी भूमिती.
ओल्या गॅलीवर लाल पेन्सिलीचं काकपद:
इथे एक अक्षर राहिलंय.
खानावळीत गेलो की आमटीआधी
पाटीवरचं 'आमटि' त्यांच्या घशात अडकायचं.

सेहेचाळिसाव्या वर्षी गेले.
पोट नाजूक, घरात म्हणत.
आत्याचंही नाजूक होतं. आजोबांचंही.
जवळजवळ आडनावच आमचं.

शेफील्डला टेकड्याच टेकड्या,
आणि हॉस्पिटल नेमकं चढावर.
नोव्हेंबर. चार वाजताच ट्रामचे दिवे लागलेले.
माझ्या आतड्याचा एक तुकडा
मेणाच्या ठोकळ्यात, नंबर घालून,
कुठल्याशा कपाटात बसला होता.
त्याच्या केसाहून पातळ चकत्या कापून
कुणीतरी मला वाचत होतं.
तीन आठवडे.
मी तीनदा ओव्हन घासला.

डॉक्टर ओल्डरॉइड चष्मा कपाळावर सरकवून म्हणाल्या,
"पेशी दुभंगताना स्वतःची नक्कल करते.
चुका होतातच.
त्या तपासणारं आत कुणीतरी असतं.
तुमच्या गाठीत ते गैरहजर आहे.
बहुधा वडिलांकडून आलंय."
मी म्हटलं, "प्रूफरीडर."
"हो, तसंच काहीसं."
मला हसू फुटलं. असं फुटलं
की नर्स पाण्याचा ग्लास घेऊन आली.

नाना,
जगाच्या वेलांट्या नीट करत बसलात
आणि मला देताना
एवढी एक ओळ तशीच सोडलीत.
पण तुम्हाला तरी
ती कुणी दाखवली होती?

पुढचं तर आणखी अजब.
त्या चुकांमुळेच औषध मिळालं.
गाठीत इतके मुद्रणदोष साचलेत
की रक्तातल्या झोपाळू पहारेकऱ्यालाही कळावं,
हे पान आपल्या पुस्तकातलं नाही.
फक्त त्याच्या डोळ्यांवरचा हात काढायचा.
तेवढंच काम, सलाइनमधून, दर तीन आठवड्यांनी,
खिडकीजवळच्या निळ्या खुर्चीत.

शेजारच्या खुर्चीत कीथ, बस चालवायचा.
त्याची गाठ जवळजवळ बिनचूक छापलेली,
म्हणून त्याला हे औषध नाही.
त्याला जुनीच केमो, हातापायांना मुंग्या.
तो मला पेपरमिंटची गोळी देतो.
मी घेते.
वर बघत नाही.

मार्चमध्ये लिव्हरवरचे डाग
वाटाण्याचे ज्वारीएवढे झाले.
पुढचं कुणी बोलत नाही.
मीही विचारत नाही.

ईरानं रक्त देऊन टाकलं,
जेवणाच्या सुट्टीत, मला न सांगता.
इचलकरंजीहून दादा फोनवर म्हणाला,
"कशाला उकरायचं?
माझं पोट ठणठणीत आहे."
एकोणपन्नास वर्षांचा आहे तो,
नानांहून तीन वर्षांनी मोठा.

नातेवाइकांसाठी हॉस्पिटलनं दिलेलं पत्र
मी रात्री बसून मराठीत उतरवलं.
जनुक, वारसा, पन्नास टक्के,
नळी घालून दर दोन वर्षांनी तपासणी.
'घाबरू नका' हे वाक्य मूळ पत्रात नव्हतं,
ते मी घातलं,
आणि मग खोडलं.

पाठवलं.
चार दिवस नुसत्या दोन निळ्या खुणा.

पाचव्या दिवशी उत्तर आलं:
"अनुवंशिक नव्हे. आनुवंशिक.
पहिला आ. तिसरा परिच्छेद."

आणि खाली, बऱ्याच वेळानं,
"हे रक्त मिरजेत घेतात का?"