नाकाला विचारा

लक्ष्मीपुरीत हुक्केरींच्या दुकानी
काजू पोत्यात, बेदाणा पिंपात,
आणि चिलगोजे
गल्ल्यामागच्या काचेच्या बरणीत, उधारीच्या वहीशेजारी.
"वैनी, सोललेलं नगा घिऊ," म्हातारा म्हणाला,
"सोललं की त्याचं आयुष्य थोडं.
टरफलातलं न्या, थंडीत ठेवा,
आणि डबा उघडला की डोळ्याला न्हवं,
नाकाला विचारा."

पाव किलोचे सोळाशे.
गुजरीत सोनं तोलतात तसं त्यानं
शेवटचे तीन दाणे एकेक करून टाकले,
एक परत काढला.

ऑर्डर ताराबाई पार्कातली.
व्याही दिल्लीचे, काजूनं घसा धरतो म्हणे त्यांचा,
तेव्हा पांढरा रस्सा चिलगोज्यात करा.
वीस वर्षं रस्सा रांधते मी:
मटणाचं अळणी, खोबऱ्याचं दूध, खसखस, तीळ.
असलं मागणं पहिलंच.

रात्री परात मध्ये घेऊन दोघं बसलो.
टरफल पातळ पण हट्टी.
दातानं फोडावं तर दाणा तुटतो,
लाटणं फिरवावं तर भुगा.
ह्यांनी पक्कड आणली.
शिरोलीच्या फाउंड्रीत एकतीस वर्षं
वाळूच्या साच्यात वावरलेली बोटं,
पण दाणा असा सुटा केला
की झोपलेल्या पोराच्या मुठीतून पदर सोडवावा.

त्या तापापासून ह्यांना वास येत नाही.
गणपतीत दोन वर्षं होतील.
आधी भट्टीपासून दहा पावलांवर उभं राहून सांगायचे,
कोळसा ओला आहे,
साच्याच्या वाळूत काकवी जास्त झाली आहे.
आता माझी फोडणी करपते
आणि हे पेपराचं पान उलटतात.

मागच्या दिवाळीत कुणीसे मूठभर चिलगोजे दिलेले,
मी शहाणी, शेगडीवरच्या फळीवर ठेवले, जपून.
मे महिन्यात उघडले तर
जुन्या दाराच्या ऑइलपेंटसारखा दर्प.
टाकायला म्हणून ताटलीत काढले,
पदर खोचून येईस्तोवर ह्यांनी निम्मे संपवलेले.
"ब्येस हायत की!"
मी डबा घासत राहिले,
तो कधीच स्वच्छ झाला होता.

सकाळी निम्मे कोमट पाण्यात भिजवले,
निम्मे तुपावर फिरवले, रंग पालटायच्या आत उतरवले.
इथं चुकलं तर सोळाशे रुपये काळे.
वाटले, गाळले, अळणीत सोडले.
उकळी येऊ द्यायची नाही,
नुसती कड थरथरली पाहिजे.
रस्सा काजूपेक्षा हलका उतरला
आणि मागून एक वास आला,
त्याला नाव सापडेना मला:
सुताराच्या रंध्याखालचा, पण भूक लावणारा.
वाटीभर ह्यांच्यापुढं ठेवला.
"गरम हाय," म्हणाले.
एवढंच.

उरले ओंजळभर.
काचेच्या बाटलीत, झाकणाखाली प्लॅस्टिक,
फ्रीजरात, बोंबलाच्या पिशवीपासून लांब,
कारण तेलकट जिन्नस शेजाऱ्याचा वास लगेच उचलतो.
वर चिठ्ठी, तारखेसकट.
घरात नाक एकच उरलंय,
तेही पन्नाशीचं.

टरफलं मात्र फेकवेनात.
सोमवारी पहाटे बंबात, शेणीवर, मूठभर घातली.
चटचट वाजली, धूर निळसर झाला,
मंगळवार पेठेतल्या आमच्या बोळात
कुठलासा डोंगर वाट चुकून आल्यासारखा.
हे अंगणात दात घासत होते.
ब्रश थांबला.
"काय जळतंय गं?"

धूर दिसला असेल.
पाठ होती बंबाकडे, तरी दिसला असेल.
मी काही बोलले नाही.
परातीत अजून दोन मुठी होत्या,
त्यातली एक घातली.