न खायचे मासे

उणे चोवीस होतं. मासे मी बनियनच्या आत घातले,
पिशवी पोटाशी, वर स्वेटर, वर कोट,
आणि बस उतरून घरापर्यंत चाललो
सातव्या महिन्यातल्या बाईसारखा, एक हात खाली धरून.

रित्वा दारातच. तिनं कोटाकडे पाहिलं.
"किती?"
"सहा. कोरीडोरस. एकेकटे राहत नाहीत गं ते,
झुरतात."
"तू जाईपर्यंत झुरत होते का?"
याला उत्तर नसतं.

खरं तर मी ट्यूब आणायला गेलो होतो.
नेहमी तसाच जातो मी: ट्यूबसाठी, फिल्टरच्या कापसासाठी,
खाण्याच्या एका डबीसाठी.
मग येन्नी, दुकानातली पोरगी, जाळी घेऊन उभी राहते,
काहीच बोलत नाही,
आणि माझं बोट आपलं आपण काचेला टेकतं.
हा. नाही, तो मागचा. बरं, तोही.

कुओपिओत अशा माणसाला वेडाच म्हणतात.
खिडकीतून कल्लावेसी दिसतं, पांढरं, टणक,
त्यावर स्टुलं टाकून बसलेली माणसं, भोकात दोऱ्या सोडून.
"सरोवरभर मासे फुकट," रित्वा म्हणते,
"आणि हा पैसे मोजून आणतो, तेही न खायचे."
म्हणताना ती राय-पिठाच्या जाड पोळीत
बोटाएवढे मुइक्कू भरत असते,
शेपट्या आत दुमडत, अंगठ्यानं भेगा लिंपत,
आणि एक नजर टाकीकडे.
माझे मासे तेवढ्यात झुडपामागे जातात. मला तसं वाटतं.

टाक्या तीन. चौथी सौनात, तात्पुरती.
दोन वर्षं झाली, आमच्या घरचा सौना तापलेला नाही.
शनिवारी टॉवेल खांद्यावर टाकून आम्ही खालच्या मजल्यावर जातो,
पार्तानेनांच्या बाकावर बसून घाम गाळतो,
आणि रित्वा त्यांना सांगते, दुरुस्ती चाललीय.
ही तिची माझ्यासाठीची थाप. एवढी मोठी थाप
तिनं दुसऱ्या कुणासाठी मारलेली मला माहीत नाही.

त्या रात्री हीटरचं हमीपत्र शोधताना
कपाटात बिस्किटांचा डबा सापडला.
आत माझ्या पावत्या. सगळ्या.
मी चुरगाळलेल्या, खिशात विसरलेल्या,
कोटाबरोबर धुतल्या जाऊन पुन्हा वाळवलेल्या.
म्हटलं, झालं. आता बेरीज निघणार.

बेरीज नव्हती.
चार एंजल. मागे पेन्सिलीनं: गिरणीचं पत्र आलं.
फायटर, एक, लाल. मागे: आर्तोचा फोन नाही. वाढदिवस होता.
निऑन, दहा. मागे: भावाला पोचवून आला. जेवला नाही.
वीस गप्पी. मागे: माझा रिपोर्ट. चांगला निघाला, तरी गेलाच.

मी जमिनीवर बसलो, गुडघे बोलायला लागेपर्यंत.
इतकी वर्षं मला वाटत होतं, मला रंग आवडतात.

सर्वांत वर आजची पावती. मागची बाजू कोरी.
रित्वा माझ्या मागे कधी आली कळलं नाही,
पिठाचे हात, कानावर पेन्सिल.
"आज काय झालं?"
"काही नाही."
"ताउनो."
"खरंच काही नाही. मिशा आहेत त्यांना. खाली वाळूत
नाक घासत फिरतात, किल्ली हरवल्यासारखे.
मला हसू आलं, एवढंच."

ती थांबली. टाकीचा पंप बुडबुडत राहिला.
मग तिनं पावती घेतली, भिंतीला टेकवून काहीतरी लिहिलं,
दोनच शब्द, पिठाचा अंगठा उठला कोपऱ्यात,
आणि झाकण लावलं.

मी अजून उघडून पाहिलेलं नाही.
कापूस संपलाय. शनिवारी जाईन.
फक्त कापूस.