कारण

"भोसरीची नोकरी का सोडली?"
मी पाठ केलेलं म्हणते : ग्रोथ नव्हती, सर.

बोराटेसाहेबांनी रिजेक्ट बुशांच्या क्रेटवरचं
लाल लेबल नखानं खरवडलं,
हिरवं माझ्या हातात दिलं :
"तूच चिकटव, तुझं अक्षर बरंय."
हे कसं सांगायचं
बाणेरच्या या एसीत?

चिकटवलं मी.
दिवाळीचा बोनसही घेतला.
मग पीएमटीत, नाशिक फाट्याला
ब्रेक लागला की
पाय आपोआप पुढच्या सीटखाली रोवायचे.

सर विचारतायत, नोटीस पीरियड वगैरे.
त्यांच्या टेबलावर, कागद उडू नयेत म्हणून,
एक बुश.
माझा अंगठा कधीचा
त्याच्या कडेवरून फिरतोय.

"धार राहिलीय, सर," मी म्हणते,
"हा पास कुणी केला?"