प्रवासी संख्या : एक

मंगळवारी रात्री अडीच वाजता
तिकिटं उतरतात, असं अच्युतला
बसडेपोतल्या एका पोलिश मेकॅनिकनं सांगितलंय.
म्हणून आम्ही स्वेटरवर स्वेटर चढवून
स्विंडनच्या या स्वयंपाकघरात बसलोय.
हीटर बंद. बचत इथूनच सुरू होते.

या यंत्राशी घासाघीस होत नाही.
"जरा कमी करा की हो" म्हणता येत नाही,
चार पावलं निघून गेल्यासारखं करून
मागून हाक येण्याची वाट बघता येत नाही.
वर कोथिंबीर तर नाहीच.
उलट, खिडकी हवी? वीस पौंड.
शेजारी शेजारी बसायचंय? आणखी सव्वीस.
एकत्र बसण्याचाही दर असतो
हे एकतीस वर्षांच्या संसारात
पहिल्यांदाच छापील पाहिलं.

तुमच्या तारखा लवचिक आहेत का? विचारतं.
भाचीच्या साखरपुड्याची तेवढी नाही.
बाकी सगळं लवचिक आहे बाबा,
गुडघे सोडून.

मग पावणेतीनच्या सुमारास अच्युतला शोध लागला.
दोघांचं विचारलं की सहाशे बारा, प्रत्येकी.
एकाचं विचारलं की चारशे अठ्ठ्याऐंशी.
पुन्हा दोघांचं. सहाशे बारा.
पुन्हा एकाचं.
म्हणजे स्वस्तातली खुर्ची एकच उरलीय
आणि दोन मागितल्या
की दोघांनाही महागाच्या पंगतीला बसवतात.

त्यानं गॅसबिलाच्या पाकिटावर मांडलं:
तू इस्तंबूलवरून, मी मस्कतवरून, पाचशे दोनमध्ये.
मुंबईत मी आधी पोचतो. थांबतो.
वाचले दोनशे चौतीस.
आकड्याखाली दोन रेघा ओढल्या,
शाळेत ओढायचो तशा, पट्टीनं.

मी काही बोलले नाही.
वजनकाट्यावर आधी नुसती, मग बॅगेसकट उभी राहिले
आणि सामानाची वाटणी सुरू केली.
चॉकलेटं त्याच्याकडे. वन्संची व्हिटॅमिनं माझ्याकडे.
त्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या...
अकरा वर्षं त्या माझ्या पर्समध्ये असतात.
"खिशात ठेवीन की," तो म्हणाला,
पाकिटावरची नजर न काढता.

इस्तंबूलला वायफाय तासभर फुकट होतं,
त्याच्याकडे अर्धा तास.
त्या अर्ध्या तासात आम्ही
एकमेकांना आपापला चहा दाखवला.
माझा आठ युरोंचा.
त्याचा केवढ्याचा, ते त्यानं सांगितलं नाही.
"शेजारी कोण होतं?" मी विचारलं.
"एक पोरगा. माझ्या खांद्यावर झोपला. तुझ्या?"
"कुणी नाही. खुर्ची रिकामी होती, अच्युत.
उडाल्यापासून उतरेपर्यंत."
त्याचा चेहरा पडद्यावर तसाच थिजला.
वायफाय संपलं होतं, की तो हिशेब करत होता,
कळलं नाही.

परतताना मी शुक्रवारी, तो शनिवारी.
घर इतकं गार, की तेलाची बाटली गोठलेली.
हीटर लावला. पूर्ण. सगळ्या खोल्यांत.
आणि पहाटे बसस्थानकावर जाऊन उभी राहिले.
लंडनची गाडी वीस मिनिटं उशिरा आली.
सगळ्यांत शेवटी उतरला तो,
कारण सगळ्यांत मागची सीट दोन पौंडांनी स्वस्त होती.
खिशातून गोळ्यांची पट्टी काढून
गुपचूप माझ्या हातात दिली.
पाच जास्त होत्या.

मी मोजल्या, हे त्यानं पाहिलं.
"आता तू रागावणार," म्हणाला.
"घरी गेल्यावर," म्हटलं.

घराकडची पहिली बस. त्याच्या डेपोच्या पासावर.
वरच्या मजल्यावर, अगदी पुढे,
काचेला बाहेरून दव
आणि पूर्ण बसमध्ये आम्ही दोघंच.
शेजारी बसण्याचे
कुणी काही मागितले नाहीत.
मी सरकून बसले.
मग अजून थोडी.